जुना फोन आणि अपडेट्स: वर्षं मोजताना या चुका टाळा

दिवाळीच्या सेलमध्ये आईसाठी फोन घेतला. ‘४ वर्षं सुरक्षा अपडेट्स’ असं वाचून मी निर्धास्त झालो. सव्वादोन वर्षांतच ती यायची थांबली. ते मॉडेल आम्ही घ्यायच्या पावणेदोन वर्षं आधीच बाजारात आलं होतं आणि कंपनीची वर्षं तेव्हापासूनच मोजली जात होती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: बिलाच्या तारखेपासून मोजणं. गूगलने पिक्सेल ८ ला ७ वर्षं दिली, ती ऑक्टोबर २०२३ पासून ऑक्टोबर २०३० पर्यंत. तोच फोन २०२५ च्या अखेरीस घेणाऱ्याच्या हाती जेमतेम पाच उरतात. म्हणून सवलत जितकी मोठी, तितकी मॉडेल कधी आलं ती तारीख आधी शोधा. ग्राहकाचं यात काय चुकलं? दुकानात नवा म्हणून विकलेला फोन नवाच धरला पाहिजे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमात अपडेट्सची किमान ५ वर्षं मॉडेल बाजारात आणणं थांबल्यापासून मोजतात. मोजायची खरी जागा तीच, आणि आपल्याकडेही असाच नियम हवा.

दुसरी चूक म्हणजे नवीन अँड्रॉइड मिळालं नाही की फोन संपला असं समजणं. आवृत्ती वेगळी, सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारी छोटी दुरुस्ती, वेगळा. २०१३ चा आयफोन ५एस आयओएस १२ वरच थांबला, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळाली.

तुमच्या अँड्रॉइडची स्थिती सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत कळते; तिथे सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. दोन-तीन महिने जुनी असेल तर घाबरू नका, स्वस्त फोनना पॅच बरेचदा तीन महिन्यांनीच येतो. स्टोरेज भरलंय का ते बघा, वाय-फायवर स्वतः अपडेट तपासा. तारीख वर्षभर हललेली नसेल तर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल शोधा. त्याची मुदत संपली असेल तर फॅक्टरी रीसेटने काहीही परत येत नाही, फोटो तेवढे जातात. गूगल प्लेच्या सिस्टम अपडेटची तारीख ताजी दिसली तरी हुरळून जाऊ नका. त्यातून काही भागच दुरुस्त होतात. चिप आणि ड्रायव्हरमधली भोकं बुजवायला कंपनीचंच अपडेट लागतं.

मुदत संपलेल्या फोनवर यूपीआय आणि बँकेची ॲप्स ठेवू नका. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून आलेली एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) तर कुठल्याच फोनवर उघडू नका. फोनच्या मूळ अँड्रॉइडऐवजी टाकता येणाऱ्या लिनिएजओएससारख्या प्रणालीने जुना फोन पुढे चालतो, पण बँकेची बरीच ॲप्स तिथे सुरूच होत नाहीत.

आईच्या त्या फोनमधलं सिम आम्ही काढलं, बँकेची ॲप्स आणि ईमेलही. आता तो ओट्याशेजारी असतो, सकाळी अभंग लावायला.