चॉकलेटमध्ये बुडवलेली मारी: घाम येऊ नये म्हणून

ठाण्याच्या दमट हवेत कोजागिरीला गच्चीवर ठेवलेल्या चॉकलेट-मारीला घाम सुटतो आणि वरच्या रंगीत दाण्यांचा रंग ओघळतो. दोष बहुतेक वेळा फ्रिजचा. गार चॉकलेट बाहेर आलं की हवेतलं बाष्प त्यावर जमतं. फ्रिजमध्ये ठेवणं बंद केलं, प्रश्न मिटला.

200 ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट बारीक चिरा. साधारण 25 मारी अर्ध्या बुडतात. कंपाउंडच घ्या: त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य फॅट असतं, त्यामुळे टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून गार करत बसण्याची, कटकट नाही. चव थोडी डावी, पण पोरांना चालते!

गॅस बंद करून गरम पाण्यावर भांडं ठेवा, तळ पाण्याला टेकू देऊ नका. पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट रवाळ होऊन आवळतं. मग गरम दूध घालून त्याचा सॉस करा, बुडवायला ते गेलंच. नुसतं दाट वाटलं तर एक छोटा चमचा बिनवासाचं तेल.

बुडवा, जादाचं निथळू द्या, बटर पेपरवर ठेवा. पिस्त्याचे काप, सुक्या गुलाबपाकळ्या लगेच टाका. पृष्ठभाग सुकल्यावर काही चिकटत नाही. पंख्याखाली अर्धा तास, मग हवाबंद डब्यात.