छोट्या तळ्यात मासे पाळायचेत? आधी पाणी बघायला शिका

"खाद्य कुठलं घालू?" हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पण छोट्या तळ्यात मासे उपाशी राहून सहसा मरत नाहीत हो, मरतात ते पहाटे पाण्यातला ऑक्सिजन संपला म्हणून, आणि तो संपतो बहुतेक वेळा आपणच जास्त खाद्य, जास्त शेण आणि जास्त मासे टाकल्यामुळे.

साधारण २०० चौरस मीटरचं, दीड मीटर खोल मातीचं तळं धरून चालू. आधी ते पूर्ण सुकवा, म्हणजे चिखलात दडून बसलेले मरळ-मागूर (दुसरे मासे खाणारे मासे) सापडतात, नाहीतर ते तुमची बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) फस्त करतील. मग तळाला ४-५ किलो चुना पसरा, पाणी भरा आणि थोडं थोडं शेण कालवून टाका. आठ-दहा दिवसांत पाणी हिरवट व्हायला लागतं. हा हिरवटपणा म्हणजे प्लवंग, पाण्यात तरंगणारी अगदी बारीक हिरवी शेवाळं, माशांचं फुकटचं खाद्य. (प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला माती नसते म्हणून हे नीट जमत नाही, तिथे बाहेरचं खाद्य जास्त लागतं.)

आता मीटर-बिटर नसेल तरी चालेल अशी एक युक्ती. ऊन असताना हात सरळ पाण्यात घाला आणि तळव्याकडे बघत रहा. पाणी कोपरापर्यंत आलं की तळवा दिसेनासा झाला तर मस्त. कोपर बुडालं तरी बोटं स्वच्छ दिसतायत तर पाणी पातळ आहे, शेण वाढवा. मनगटाशीच तळवा गायब झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही लगेच बंद! फक्त पाणी गढूळ मातीचं नाही ना ते बघा, मातीमुळे पण तळवा दिसत नाही.

कारण असं की हे प्लवंग दिवसा ऑक्सिजन बनवतं पण रात्री स्वतःच खातं, म्हणून सूर्य उगवायच्या जरा आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे त्रासात. त्यामुळे रोज पहाटे एक चक्कर माराच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि चाहूल लागूनही खाली जात नसतील तर ताजं पाणी उंचावरून पडेल असं सोडा, पंप नसेल तर काठीने पाणी बडवा, आणि त्या दिवशी खाद्य नाही. सलग ढगाळ हवा असली की जास्त सावध.

मासे किती? तर अशा तळ्याला १०० बोटुकली पुरे. ४० कटला (वरच्या थरात खातो), ३० रोहू (मधल्या), ३० मृगळ (तळाशी), म्हणजे एकमेकांच्या ताटात हात नाही. लोक ५०० सोडतात आणि मग मासा बोटभरच राहिला म्हणून रडतात. बोटुकल्यांची पिशवी आणली की १५-२० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी हळूहळू आत घ्या, मासे आपोआप बाहेर पडू द्या. तिलापिया घेणार असाल तर सगळे नर असलेलंच बीज (पिल्लं) घ्या, नाहीतर पिल्लांनी तळं भरून जातं.

खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि पेंड निम्मी-निम्मी, माशांच्या एकूण वजनाच्या २-३ टक्के. १०० मासे सरासरी १०० ग्रॅमचे झाले तर एकूण १० किलो, म्हणजे दिवसाला २००-३०० ग्रॅम. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी.

अजून एक, बारक्या माशांना कचरा समजून मारू नका. बांगलादेशात कार्पच्या (कटला, रोहू, मृगळ अशा माशांच्या) तळ्यात मोला नावाचा छोटा मासा सोबत वाढवतात. तो तळ्यातच पिल्लं घालतो, त्यामुळे बीज पुन्हा पुन्हा विकत घ्यायला नको, आणि डोक्या-काट्यासकट खाल्ला जात असल्याने पोरांना व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम भरपूर मिळतं. लहान माशांच्या याच पोषणमूल्यावरच्या कामासाठी पोषणतज्ज्ञ शकुंतला थिलस्टेड यांना २०२१ चा वर्ल्ड फूड प्राइज मिळाला. मोठे मासे विकायला, बारके घरच्या कालवणाला, हे गणित मला तरी पटतं.

काढताना सगळे एकदम काढू नका, मोठे झालेले आधी काढा, उरलेल्यांना जागा होते. आदल्या दिवशी खाद्य बंद आणि जाळं सकाळी गारव्यातच ओढा.