हॅवलॉकला डायव्हिंगला जाताय? परतीच्या विमानापासून उलटं मोजा

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंगची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायची, सुट्टी ठरली की बहुतेक जण आधी हॉटेल शोधायला लागतात. माझं सांगणं असं, की आधी परतीच्या विमानाची वेळ कागदावर लिहा आणि तिथून उलटं मोजत या. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन अंगात जास्त मुरतो आणि तो सावकाशच बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी. लगेच उडालात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास आणि रोज करत असाल तर निदान १८ तास उडायचं नाही. मी सरळ एक अख्खा दिवस कोरडा ठेवते. विमान पकडायचं ते पोर्ट ब्लेअरला (आता सरकारी नाव श्री विजय पुरम); समुद्र खवळला की तिथे जाणारी फेरी-बोट रद्द होते, तेव्हाही हाच दिवस कामाला येतो.

म्हणून सात दिवस काढा. जानेवारी ते एप्रिल उत्तम. मे संपता संपता पाऊस आणि लाटा सुरू होतात. बेटाचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण बोलताना सगळे हॅवलॉकच म्हणतात. राहायला गोविंदनगर किंवा विजयनगर घ्या, कारण डाइव्ह सेंटर बहुतेक याच पूर्वेच्या बाजूला आहेत. राधानगरचा किनारा सुंदर आहे, पण तो पश्चिमेला; संध्याकाळी सूर्यास्ताला जाऊन या. सूर्य इथे आपल्यापेक्षा खूप लवकर उगवतो आणि बोटीही सकाळी लवकर सुटतात, तेव्हा रात्री वेळेत झोपा.

आता कुठली डाइव्ह? एका दिवसाची ओळख-डाइव्ह असते, १२ मीटरच्या आत, इन्स्ट्रक्टर धरून नेतो. आणि तीन-चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स असतो, त्यानंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. कोर्सला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यावं लागतं. जमत असेल तर कोर्सच करा. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर ओळख-डाइव्ह केली होती. मागून कुणीतरी टाकी धरलेली, समोर व्हिडिओसाठी ब्रेडचा चुरा टाकून मासे जमवलेले, आणि पंधरा मिनिटांत वर. घाईत माझ्या हाती काहीच लागलं नाही, याचं मला खूप वाईट वाटलं. म्हणून बुकिंगआधी फोनवर विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? उथळ पाण्यात सराव किती वेळ? दमा, हृदय, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन यांची चौकशी त्यांनी स्वतःहून केली नाही, तर दुसरं सेंटर बघा.

सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीही कोंडायचा नाही. ऐकायला सोपं, पण हॅवलॉकला कोर्स करताना मला तेच जड गेलं. मी सांगली जिल्ह्यात आजोळी, मामांनी पाठीला डबा बांधून सोडल्यावर विहिरीत पोहायला शिकले. बुडी म्हणजे छाती भरून घ्यायची आणि तोंड मिटायचं, हे अंगात भिनलेलं. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा तशीच कोंडून वर आलात, तर ती दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात ‘आत, बाहेर’ म्हणत होते. घरी पलंगावर पडून संथ, लांब उच्छ्वास सोडायचा सराव करून जा, फार उपयोग होतो.

दुसरं, कान. दुखायला लागल्यावर नाही, तर पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून नाकातूनच हलकेच फुंकर मारायची आणि खाली जाताना ती करतच राहायची. कानांचे दडे सुटले नाहीत तर मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावू नका. मला प्रवासातल्या एसीने सर्दी झाली होती, एक दिवस किनाऱ्यावर बसून काढला. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरायचा मोह टाळा. तिचा असर खालीच ओसरला तर वर येताना कान अडकतात.

खुणांमधली एक नीट लक्षात ठेवा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. छान म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं.

चौथ्या दिवशी लाइटहाऊस नावाच्या जागी मी पहिल्यांदा हातपाय न हलवता एका जागी तरंगले. श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली. मग आवाज ऐकू आला, फोडणीत मोहरी तडतडावी तसा, चारी बाजूंनी. तो आवाज बारीक कोळंबीचा. समोर एक हिरवट पोपटमासा प्रवाळाला कडाकड चावत होता आणि पुढे गेला तेव्हा मागून पांढऱ्या वाळूची पिचकारी सोडून गेला. मी बघतच राहिले.

पण त्याच जागी उथळ भागात मेलेल्या प्रवाळाचा खचही आहे. २०१० साली पाणी तापून अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. जे उरलंय त्याला हात लावू नका, गुडघे टेकू नका, पायातल्या फिन्सचा फटका बसू देऊ नका. हात छातीशी बांधून ठेवा. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा आणायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटची डाइव्ह पाचव्या दिवशी सकाळी. सहाव्या दिवशी सकाळच्या फेरीने पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी बघायला घाई करू नका. सातव्या दिवशी विमान. पोहण्याचे कपडे गोड्या पाण्यात धुऊन वाळायलाही तेवढा वेळ मिळतो.