स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावायच्या आधी काय काय बघून घ्यायचं

उद्या दहा वाजता बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या टेबलावर डिप्लोमाची पोरं येणार आहेत, एसएमपीएसचा (वेगानं स्विच करून एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय) रिपल (डीसीवर उरलेली बारीक लाट) आणि स्विचिंगची फ्रिक्वेन्सी मोजायला. त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय, रात्रीच वाचून या म्हणजे सकाळी वेळ जात नाही.

सगळ्यात आधी अर्थिंग, बाकी सगळं त्याच्या नंतर. मल्टीमीटरनं सॉकेट तपासा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. मागं खानापूरकडच्या एका वर्कशॉपात सॉकेट तीन पिनचा होता पण आत अर्थची वायरच जोडलेली नव्हती, स्कोपच्या प्रोबच्या (मोजायच्या जागी लावायची वायर) क्लिपला बोट लागलं आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. तिकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात पार सुकते, त्यामुळं वायर जोडलेली असली तरी अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतलंय का तेवढं विचारून घ्याच.

आता हे नीट डोक्यात बसवा की प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या बॉडीतून सरळ अर्थला जाते, आणि दोन्ही चॅनलच्या क्लिपा आतून एकच असतात. म्हणजे ती क्लिप एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूला (मेन्सला थेट जोडलेला भाग), ब्रिजच्या (एसीचा डीसी करणारे चार डायोड) मायनसला लावली की शॉर्ट झालाच, बोर्ड गेला, प्रोब गेला, कदाचित स्कोपही. २३० हा आरएमएस, म्हणजे परिणामी, आकडा आहे, शिखर ३२५ ला जातं आणि पीक टू पीक ६५०. प्रायमरी बघायची तर डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) पाहिजे, तो नसेल तर प्रायमरी मोजायची नाही, विषय संपला. स्कोपच्या वायरची अर्थपिन कापून काम भागवणारे लोक मी बघितलेत, माझ्या टेबलावर ते चालणार नाही, कारण मग स्कोपची उघडी धातूची बाजू सगळी लाईव्ह होते आणि तुमचा हात नॉबवर असतो.

स्कोप मी साडेनऊलाच चालू करून ठेवतो, अर्धा तास गरम झाला की रीडिंग स्थिर येतं. मग प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून देणारी सेटिंग) टाका, स्कोपच्या पुढच्या कॅलच्या (कॅलिब्रेशनच्या) कडीला लावा, तिथं १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट येते. तिचा कोपरा बघा, घाई करू नका. कोपरा गोल आला तर कॉम्पेन्सेशन (प्रोब स्कोपशी जुळवणं) कमी, वर शिंगासारखं टोक आलं तर जास्त, प्रोबवरचा बारका स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसानं केसभर फिरवत जायचं, वरची रेघ पट्टीनं मारल्यासारखी सपाट झाली की थांबायचं. प्रोब दुसऱ्या चॅनलला लावला की परत करायचं.

आणि प्रोबवर १०एक्स तर चॅनलच्या मेनूतही १०एक्सच पाहिजे. सुरुवातीला एकदा माझ्याकडून हे राहिलं, १२ व्होल्टच्या सप्लायला १.२ दिसले, मी चांगला रेग्युलेटर काढून नवा घातला आणि गिऱ्हाइकाचा एक दिवस वाया घालवला. तेव्हापासून आकडा किती यायला पाहिजे ते आधी वहीत लिहितो, मगच मोजतो. तुम्हीपण तसंच करायचं.

रिपलसाठी एसी कपलिंग (डीसी अडवून फक्त लाट दाखवणारी सेटिंग), २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट (त्याच्या वरचा नॉईज कापणारी) चालू, आणि क्लिपची लांब वायर काढून टोकाला ती बारकी स्प्रिंग लावायची, नाहीतर वायरचा वेढाच अँटेना होतो आणि नसलेला नॉईज रिपल म्हणून मोजला जातो. टाइमबेस (पडद्यावरच्या आडव्या एका चौकटीचा वेळ) आधी ५ मिलिसेकंद ठेवा, ५० हर्ट्झची लाईन फुल ब्रिजमधून गेली की १०० हर्ट्झ होते, दर १० मिलिसेकंदाला एक उंचवटा. ते झाल्यावर ५ मायक्रोसेकंदावर या, स्विचिंग ६५ किलोहर्ट्झ असलं तर एक फेरा साधारण १५ मायक्रोसेकंदाचा दिसतो. लाट पडदाभर मोठी करा, बहुतेक स्कोप ८ बिटचे, उभ्यात २५६ च पायऱ्या, चिमूटभर लाटेवर घेतलेलं रीडिंग मी धरणार नाही. ट्रिगर (लाट पडद्यावर स्थिर धरणारी सेटिंग) एज, लेव्हल लाटेच्या मध्यावर. ऑटोसेटचं (स्कोप स्वतःच सेटिंग लावतो ते) बटण उद्या कुणी दाबायचं नाही.

पेन ड्राईव्ह फॅट३२ केलेला आणा, वही आणा. आणि काम झाल्यावर प्रोब घट्ट गुंडाळायचा नाही, त्या केबलच्या आतली तार केसासारखी असते, सैल वेटोळं करून खिळ्याला अडकवायचं.