घरच्या वर्कशॉपला एलईडी की ट्यूबलाइट? या चुका टाळा

‘काका, वर्कशॉपला एलईडी लावू की ट्यूबलाइट?’ असे मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणी ना कोणी विचारतो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दिवे आधीच विकत घेतलेले असतात. माझे उत्तर ठरलेले आहे. नव्याने मांडामांड करत असाल तर एलईडी घ्या. जुन्या लोखंडी चोकसह (ट्यूबमधला प्रवाह आवरणारी गुंडाळी) ३६ वॅटची ट्यूब प्रत्यक्षात ४५ वॅटच्या आसपास वीज खाते. चांगली २० वॅटची एलईडी पट्टी दोन हजार लुमेनपर्यंत (लुमेन म्हणजे उजेडाचे माप) उजेड देते आणि तो सगळा खाली पाडते. शिवाय पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२३ मधील बैठकीत ठरल्याप्रमाणे पाऱ्याच्या या नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबायची आहे, त्यामुळे पुढे बदली नळी मिळणेही अवघड होणार. मात्र एलईडी घेतला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनीच मला सर्वांत जास्त वैताग दिला आहे.

ट्यूबच्या जुन्या पट्टीत, म्हणजे सांगाड्यात, एलईडी नळी खुपसणे ही त्यांची सर्वांत आवडती चूक. आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावरील एका तरुणाने बंद गॅलरीत सुतारकाम सुरू केले आणि वायरमनकडून जुन्या तीन पट्ट्यांतील चोक व स्टार्टर काढून एलईडी नळ्या बसवून घेतल्या. या नळ्या एकाच टोकाला वीज घेणाऱ्या होत्या. म्हणजे त्या टोकाच्या दोन पिनांपैकी एकीला फेज आणि दुसरीला न्यूट्रल. वर्षभराने एक नळी गेली. त्याने स्टेशनजवळच्या दुकानातून ‘तशीच’ नळी आणली, पण ती दोन्ही टोकांना वीज घेणारी निघाली. अशा अनेक नळ्यांत एका टोकाच्या दोन्ही पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे ती होल्डरमध्ये फिरवताच फेज आणि न्यूट्रल थेट एकत्र आले. एमसीबी (शॉर्टसर्किट झाल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) पडला. या गृहस्थाने तो तीन वेळा उचलला! चौथ्या वेळी मला बोलावले, तेव्हा होल्डर काळा पडून वितळला होता आणि स्टुलाशेजारी करवतीच्या टेबलाचे पाते उघडेच होते. एमसीबी पडतो तो काही सांगण्यासाठी पडतो, हे घाईत असलेल्या माणसाला पटवणे कठीण असते.

तेव्हापासून माझी सवय अशी, की जुनी पट्टी पूर्ण उतरवायची आणि अखंड एलईडी पट्टीच लावायची. शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी जुना सांगाडा ठेवायचाच असेल, तर त्याच्यावर जाड मार्करने ‘वीज या टोकाला, चोक नाही’ असे लिहून ठेवावे, कारण पुढची नळी बदलताना तुम्हाला हे आठवणार नाही. आणि नळी बदलताना भिंतीवरच्या बटणावर विसंबू नये. जुन्या इमारतींत बटण न्यूट्रलवर असणे अजिबात दुर्मीळ नाही. एमसीबी खाली पाडावा.

दुसरी चूक म्हणजे लुकलुकणारा दिवा घेणे. ती दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. लोखंडी चोकवरची ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. आता लेथ यंत्राचा चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरवणारा भाग) मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतो असे धरा: सेकंदाला २५ फेऱ्या, फेरीला चार जबडे, म्हणजे प्रत्येक उजळण्याच्या क्षणी आधीच्या जबड्याच्या जागी पुढचा जबडा आलेला असतो आणि फिरता चक थांबल्यासारखा भासतो. जुन्या कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर देत, ते यासाठीच. घरात एकच फेज असतो, तेव्हा तो उपाय नाही. इलेक्ट्रॉनिक चोक २० हजार हर्ट्झच्या वर चालत असल्याने तिथे ही भीती राहत नाही, पण स्वस्त एलईडीमध्ये ड्रायव्हरच्या (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) नावाखाली जेमतेम चार भाग असतात आणि ते दिवे ट्यूबइतकेच, किंबहुना जास्त, लुकलुकतात. मी लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, दिवा घ्यायला जातो तेव्हा खिशात पेन्सिल ठेवतो आणि पेटत्या दिव्यासमोर ती झपाझप हलवतो. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा घ्यायचा. पंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर परत द्यायचा. दुकानदार हसतात, हसू द्यावे.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘किती वॅटचा?’ असे विचारू नका, लुमेन विचारा. आठ बाय दहाच्या खोलीत बारीक काम करायचे तर साधारण सहा-सात हजार लुमेन लागतात, म्हणजे वरच्या हिशेबाने तीन पट्ट्या. छताच्या मध्यभागी एकच दिवा लावल्यास पटाशीच्या धारेवर स्वतःच्या डोक्याची सावली पडते. पट्टी टेबलाच्या आपल्या बाजूच्या कडेपासून थोडी आत, टेबलाच्या वर हवी. पत्र्याखाली किंवा पोटमाळ्यात एलईडी लवकर जातो, कारण उकाड्याने आधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर मरतो. वर साचलेला भुसा त्यात भर घालतो, तो ब्रशने झाडावा.

मुंबईत पांढराशुभ्र म्हणजे जास्त उजेड, असा एक समज पक्का आहे. ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या, दिव्याखाली मी सागवानी चौकटीला लावलेला स्टेन (लाकडाचा रंग) दिवाणखान्यातल्या पिवळ्या उजेडात विटकरी दिसला आणि ती चौकट मला पुन्हा खरवडावी लागली. आता मी ४००० केल्विन आणि ९०च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) असलेला दिवाच घेतो, आणि तरीही पॉलिशचा शेवटचा हात देण्यापूर्वी लाकूड गॅलरीत दिवसाच्या उजेडात नेऊन पाहतो.

काढलेल्या जुन्या ट्यूब फळ्यांबरोबर कोपऱ्यात उभ्या करू नका. त्यांत थोडा का होईना पारा असतो. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे, पंधरा मिनिटांनी तुकडे पुठ्ठ्याने गोळा करून उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि सगळे बंद बरणीत भरून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लिनर तिथे लावू नये. माझ्याकडच्या उरलेल्या दोन नळ्या अजून मूळ खोक्यातच माळ्यावर आडव्या ठेवलेल्या आहेत.