कोरड्या कास्कचं तापमान काढताना या चुका टाळा

वापरलेल्या अणुइंधनाच्या कोरड्या साठवणीची, म्हणजे ते ज्या जाड भिंतींच्या पिंपात (कास्क) ठेवतात त्याची, उष्णतेची गणितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. मॉडेल दरवेळी नवं येतं, चुका मात्र जुन्याच.

सेल्सिअसचा चौथा घात. हसू नका. प्रारणाच्या (किरणांनी उष्णता जाण्याच्या) सूत्रात तापमानाचा चौथा घात येतो, आणि तिथे केल्विनच लागतं. 300 अंश सेल्सिअस म्हणजे 573 केल्विन, आणि चौथ्या घाताला या दोन आकड्यांत तेरापटीहून जास्त तफावत पडते.

आडव्या कॅनिस्टरला (कास्कच्या आतला इंधनाचा सीलबंद स्टीलचा डबा) उभ्याचं अभिसरण, म्हणजे वायू फिरून उष्णता वाहणं, लावणं. काही उभ्या डिझाइनमध्ये हेलियम मुद्दाम दाबाने भरतात, म्हणजे तो आतल्या आत फिरतो. आडव्यात तो भरवसा नाही. जुनी फाइल कॉपी केली की हे होतं.

वाळवण्याचा टप्पा विसरणं. इंधन पाण्याखाली भरतात, मग पाणी काढतात आणि निर्वात करून आतला ओलावा घालवतात. पंप तोडल्यावर अर्धा तास दाब 3 टॉरच्या (वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी) आत टिकला की कॅनिस्टर कोरडा मानायची रूढ पद्धत आहे. हेलियम त्यानंतर येतो. तो हवेच्या साधारण सहापट उष्णता वाहतो, म्हणून सगळे गणित तिथूनच सुरू करतात. पण निर्वातात अभिसरण जवळजवळ नसतंच, उरलेली विरळ वाफ फारसं वहन करत नाही, आणि भार येतो तो प्रारणावर. पुढच्या कित्येक दशकांत होणार नाही इतकं इंधन या काही तासांत तापू शकतं. मी आधी हाच टप्पा काढतो, तोही वेळेनुसार.

आता माझं खरं दुखणं: ‘तापमान चढं धरलं की आपण सुरक्षित’ ही समजूत.

क्लॅडिंगसाठी, म्हणजे इंधनाभोवतीच्या धातूच्या नळीसाठी, नेहमीच्या स्थितीत 400 अंशांची मर्यादा सर्रास वापरतात. एका उत्साही इंजिनिअरने क्षय-उष्णता (इंधनातल्या किरणोत्सर्गातून निघणारी) वरची धरली, हवा सगळ्यात गरम दिवसाची, फटी सगळ्यात मोठ्या, उत्सर्जकता (पृष्ठभागाची उष्णता प्रारणाने टाकण्याची क्षमता) सगळ्यात कमी. उत्तर आलं 391. मर्यादेच्या आत, म्हणून सगळे खूश. सही माझीच होती. काही महिन्यांनी तेच आकडे दुसऱ्या अहवालात भेटले. निष्कर्ष असा, की कॅनिस्टरचा स्टेनलेस पत्रा एवढी वर्षं गरम राहणार, म्हणून समुद्राकाठच्या हवेतून बसलेलं मीठ कोरडंच राहील आणि तडे जाण्याची चिंता नको.

इथे गणित उलटं फिरतं. पत्रा गरम असतो तोवर त्याच्या लगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता कमी राहते. तो निवला की मिठाला पाणी सुटतं, आणि ताण असलेल्या वेल्डजवळ क्लोराइड आपलं काम सुरू करतं. म्हणजे इथे थंड पत्रा धोक्याचा, आणि आपण तर तो कागदावर तापवून ठेवलेला! क्लॅडिंगमधल्या हायड्राइडचीही (धातू आणि हायड्रोजनचं संयुग) तीच गत. तापताना विरघळलेला हायड्रोजन निवताना वेगळ्या दिशेने बसू शकतो आणि नळी ठिसूळ होते. ती केव्हा होईल हे थंड बाजूचा आकडा ठरवतो. दुसरा अहवाल मी परत पाठवला आणि पहिल्यावर सही का केली याचं उत्तर शोधत बसलो.

ही तफावत लहानसहान नसते. अमेरिकेत नॉर्थ ॲना अणुवीज केंद्रात 2017 साली मापकं बसवलेला कास्क भरला गेला. परवान्यासाठीच्या गणितात क्लॅडिंग 340 अंशांच्या वर जात होतं, मोजमाप 240 च्या आत राहिलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तक्त्यात मी दोन रकाने मागतो: शक्य तितकं गरम आणि शक्य तितकं थंड. एकच रकाना आला तर वाचत नाही.

झरोके (काँक्रीटच्या बाहेरच्या कवचातली हवा आत-बाहेर जाण्याची भोकं) बुजले की घबराट. खालचे निम्मे झरोके बुजले तरी तापमान फार चढत नाही, आणि सगळे बुजले तरी काँक्रीटचं वजन वेळ देतं. झरोके रोज पाहायचेच, पण धावपळ नको.

उष्णता निम्मी, म्हणून हवेची तापमानवाढही निम्मी. नाही. उष्णता घटली की गरम हवा वर जाताना लागणारी ओढही मंदावते. वाढ साधारण दोन-तृतीयांश घाताने बदलते, म्हणून ती 63 टक्क्यांवर थांबते.

आणि संगणकाकडे धावण्याआधी कागदावर एक ओळ लिहा. 24 किलोवॅट आणि 40 अंशांची वाढ म्हणजे सेकंदाला सुमारे 0.6 किलो हवा. ज्यांना ही ओळ वेळखाऊ वाटते, ते पुढे संगणकातल्या मॉडेलची जाळी बारीक करत आठवडा घालवतात. अशाच एका मॉडेलमध्ये वाढ 40 च्या जागी जवळपास 160 येत होती. चौपट. वरचा दोन-तृतीयांश घात उलटा लावला तर उष्णता आठपट निघते. सममिती म्हणून कास्कचा आठवा तुकडा घेतला होता, उष्णता मात्र अख्ख्या कास्कची ओतली होती.