मुरवायला ठेवलेल्या बिअरच्या कॅपला गंज चढतोय? या चुका टाळा

इम्पिरियल स्टाउट, बार्लीवाइन, बेल्जियन क्वाड किंवा ग्यूझ (बेल्जियमची आंबट बिअर) अशा मुरवण्याजोग्या बिअरच्या बाटल्या जे चार-पाच वर्षं मुरवत ठेवतात त्यांना हे कधी ना कधी दिसतंच, बाटली उचलली की कॅपच्या कडेला तांबूस पूड आणि डोक्यात एकच प्रश्न, बिअर गेली का? बहुतेक वेळा गेलेली नसते. म्हणून घाईघाईने सिंकमध्ये ओतून टाकणं ही पहिली चूक, इतकी वर्षं जपलेली चांगली बिअर अशी वाया गेलेली बघून खरंच वाईट वाटतं.

गंज नेमका कुठे लागतो ते आधी बघा. ही कॅप, म्हणजे क्राउन कॅप, साधा पातळ स्टीलचा पत्रा असतो, वरून कथिलाचा किंवा क्रोमियमचा मुलामा आणि त्यावर लॅकर (वार्निशसारखा थर). बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने 1892 मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेव्हा 24 दात असायचे आता 21 असतात, बाकी कल्पना तीच. पण पत्रा आधी रंगवतात आणि मग त्यातून कॅप कापतात, त्यामुळे कापलेली कड उघडीच राहते, त्यात कॅप बसवताना दातांजवळ लॅकरला ओरखडे पडतात. गंज सुरू होतो तो तिथूनच, म्हणजे बाहेरून. आत बिअरच्या बाजूला प्लॅस्टिकचं लाइनर, म्हणजे अस्तर असतं, ते काचेवर घट्ट बसलेलं असेल तर बाहेरच्या गंजाचा बिअरशी संबंध येत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, वाइनचा सल्ला बिअरला लावणं. वाइन सेलरमध्ये 70 टक्के आर्द्रता ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते बूच सुकू नये म्हणून. क्राउन कॅपला ओलावा अजिबात नको. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाला गंज चढायचा वेग वाढतो, म्हणून 50 ते 60 मध्ये ठेवा आणि बाटल्या उभ्या. न्यू जर्सीकडे ज्यांची बेसमेंट आहेत त्यांना माहीतच असेल, जून ते सप्टेंबर भिंतींना कशी ओल येते, तिथे डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावा आणि बाटल्यांच्या शेजारीच एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा, जिन्यात नको. बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात थेट फरशीवर ठेवू नका, पुठ्ठा फरशीची ओल शोषून घेतो आणि खोक्यातली हवा कायम दमट राहते, लाकडी फळीवर ठेवा.

आणखी एक चूक लक्षातच येत नाही. 28 अंशाला 70 टक्के आर्द्रता असेल तर 22 अंशाच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. म्हणजे 12 अंशाच्या फ्रिजमधून बाटली काढली, मित्रांना दाखवली, फोटो काढला आणि तशीच परत ठेवली की कॅपच्या दातांखाली पाणी अडकलं, आणि तिथलं पाणी लवकर सुकत नाही. काढलीच तर मान नीट पुसा, दातांच्या खालून फडकं फिरवा आणि मगच ठेवा. मुंबई, कोकण, गोव्यात तर हवेत मीठही असतं आणि पावसाळ्यात सगळं घरच ओलं, तिथे बाहेर कपाटात मुरवायचा नाद सोडा, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच बरा, त्यातली हवा कोरडी असते. फक्त दार सारखं उघडू नका.

घरी बिअर बनवणाऱ्यांनी कॅप बसवली की लगेच बाटलीची मान स्वच्छ पाण्याने धुवा. फेस वर येऊन कॅपखाली अडकतो, बिअर आम्लधर्मी, सावर म्हणजे आंबट बिअर तर जास्तच, ती तिथे बसली की पत्र्याला खाते. धुतल्यावर पूर्ण सुकू द्या. कॅप निर्जंतुक करायला ब्लीच वापरू नका, क्लोरीनने स्टीलची वाट लागते.

गंज दिसला म्हणून काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासणं पण चूकच, उरलेलं लॅकर निघतं आणि गंज आणखी पसरतो. मेण लावायचं असेल तर नव्या, कोरड्या कॅपवरच लावा, ओल्या किंवा गंजलेल्या कॅपवर मेण चढवलं की पाणी आतच कोंडतं.

मग बिअर खराब झाली का हे कसं कळणार? बाकीच्या बाटल्यांपेक्षा पातळी खाली गेलीय का, मानेवर चिकट ओघळ आहे का, कॅप बोटाने फिरते का आणि उघडताना फस्स आवाज येतो का हे बघा. पातळी उतरलेली आणि मान चिकट असेल तर गळती आहे, ती बाटली आजच उघडा.

उघडताना मात्र घाई नको. कॅप काढली की काचेच्या ओठावर नारिंगी कडं दिसतं, लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापडाने ते पुसा, मग ओल्या कापडाने, आणि मगच ओता. तो गंज ग्लासात गेला तर बिअरला रक्तासारखी लोखंडी चव येते. कँतियों या बेल्जियन ब्रुअरीच्या ग्यूझला कॅपच्या खाली बूच असतं, तिथे बुचाचा वरचा भाग पण पुसून घ्या, नाहीतर कॉर्कस्क्रू फिरवताना गंजाची पूड बुचात शिरते.

आणि तारीख. वेस्टव्लेटेरेन या बेल्जियन मठातल्या बिअरच्या बाटल्यांना वर्षानुवर्षं लेबलच नव्हतं, '12' नावाच्या बिअरची पिवळी कॅप, '8' ची निळी, आणि तारीख छापलेली ती कॅपवरच. अशी कॅप गंजली की बाटली किती जुनी ते कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा घेतल्या दिवशीच मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधा आणि तारीख पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते.